स्त्रिया स्वतःचा उद्योग का काढतात?

धर्मादाय संस्थांकडे साहाय्यासाठी अर्ज येतात ते बहुतेक शिक्षण, औषधोपचार आणि लग्नकार्य यांसाठी. त्यांच्या जोडीला आणखी एका तऱ्हेचा अर्ज आता सर्व विश्वस्तांच्या परिचयाचा झाला आहे. ‘मला घरच्या घरी लहानसा उद्योग सुरू करावयाचा आहे, तरी भांडवलासाठी मदत मिळावी,’ अशी त्यातील विनंती असते आणि खाली सही बहुधा एखाद्या भगिनीची असते. असा अर्ज वाचून विश्वस्तांना बरे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. औषधासाठी दिलेले पैसे खर्च होऊन जातात, पण उद्योगासाठी दिलेले पैसे उगवतील अशी आशा असते. अर्ज मंजूर होतो, शिवणयंत्र दिले जाते, छायाचित्र निघते आणि ते वार्षिक अहवालात छापले जाते. दोन वर्षांनी ते यंत्र कोठे आहे, चालते की कोपऱ्यात झाकून ठेवले आहे, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

आपल्या न्यासाच्या महोत्सवी वर्षात मागील कामाचा आढावा व पुढील कामाचा विचार चालू असताना हा प्रश्न थोडा मुळापासून पाहावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. एखादी बाई स्वतःचा उद्योग काढते ती का? हे नीट उमगल्याखेरीज तिला काय द्यावे, केव्हा द्यावे आणि काय देऊ नये, हे ठरविता येणार नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या प्रश्नाची समारंभात दिली जाणारी उत्तरे ठरलेली आहेत: जिद्द, स्वावलंबन, हातातील कला. ती खोटी नाहीत, परंतु ती कारणे नव्हेत. जिद्दी बाया घरोघर असतात. त्यांतील एकीच्याच दारावर ‘येथे पोळीभाजी मिळेल’ अशी पाटी का लागते, याचा उलगडा जिद्दीवरून होत नाही. कारण शोधावयाचे तर पाटी लागली त्याच्या आधीचे सहा महिने पाहावे लागतात. त्या सहा महिन्यांत बहुधा घरातील कोणी तरी गेलेले असते, नाही तर अंथरुणाला खिळलेले असते. कारखाना बंद पडलेला असतो. नवऱ्याचा पगार दारूच्या गुत्त्यात जाऊ लागलेला असतो. किंवा काहीच अघटित घडलेले नसते, केवळ मुलगा आठवीतून नववीत गेलेला असतो आणि शिकवणीची फी आता मिळकतीत बसत नसते. हे शेवटचे कारण विशेष लक्षात ठेवावे. गरज म्हणजे केवळ उपासमार नव्हे. ज्या घरात कालपर्यंत सर्व ठीक चालले होते तेथेही ती दबकत शिरते, आणि तिची वाच्यता होत नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी यावर विचार केलेला आहे. निरनिराळ्या देशांतील नव्या उद्योगांची दरवर्षी पाहणी करणारा ‘ग्लोबल आंत्रप्रनरशिप मॉनिटर’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम १९९९ पासून चालू आहे. त्याने २००१ च्या सुमारास उद्योग काढणाऱ्यांचे दोन वर्ग पाडले: संधी दिसली म्हणून उद्योगात उतरलेले आणि दुसरा मार्ग नाही म्हणून उतरलेले. ही विभागणी पुष्कळ वर्षे चालली. परंतु माणसे अशा दोन कप्प्यांत बसत नाहीत असे अनुभवास आले, आणि २०१९ पासून पाहणीतील प्रश्नच बदलण्यात आला. आता उत्तर देणाऱ्यास एकाहून अधिक हेतू सांगता येतात आणि ‘नोकऱ्या दुर्मिळ आहेत, म्हणून पोटासाठी’ हा त्यांतील एक असतो. हा बदल योग्यच झाला. गरजेने जिला घराबाहेर ओढले त्या बाईला पुढे संधी दिसत नाही, असे थोडेच आहे? कित्येकदा गरजेने उंबरठा ओलांडल्यावरच संधी नजरेस पडते. मग तिच्या उद्योगाचे पाऊल पुढे का पडत नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मिळविण्यासाठी थोडे मागे जाऊ. ‘दळण-कांडण करून मुलांना वाढविले’ हे वाक्य आपल्याकडील किती तरी कुटुंबांच्या इतिहासात सापडेल. विधवा झालेल्या स्त्रीने दळण-कांडणच का करावे? कारण त्यास शिक्षण लागत नव्हते, जाते घरात होतेच म्हणून भांडवल लागत नव्हते, आणि काम माजघरात बसून करता येत असल्याने लोकांच्या नजरेचा प्रश्न नव्हता. या तीन अटी ध्यानात ठेवाव्यात, कारण आजही स्त्रियांचे बहुतेक घरगुती उद्योग याच तीन अटींत बसणारे असतात. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. त्यांनी सर्व बायकांच्या खांद्यांवरचे ओझे उतरविले आणि त्याच वेळी निराधार बाईचे हक्काचे काम काढून घेतले. त्या जागी स्वयंपाक, पापड-लोणची आणि शिवणकाम आले.

पैशाचे म्हणावे तर कायद्यानेही तिच्या हाती फारसे ठेवले नव्हते. एकत्र कुटुंबातील विधवेचा हक्क अन्नवस्त्रापुरता होता. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेस पतीच्या मिळकतीत वाटा दिला, परंतु तो मर्यादित, तिच्या हयातीपुरता. पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आली, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळण्यास २००५ साल उजाडले. म्हणजे गहाण ठेवण्याजोगी तिची स्वतःची अशी वस्तू पुष्कळ काळ एकच होती: अंगावरचा दागिना. शेत नाही, घर नाही, म्हणून पत नाही. पत नाही म्हणून कर्ज सावकाराचे. ही साखळी कागदोपत्री तुटली आहे; व्यवहारात बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करण्याची रीत अजून सर्वत्र आहे, हे वाचक जाणतातच.

या स्थितीवर उपाय शोधणारी माणसे आपल्यात होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढे केडगावास मुक्तिसदनात छापखाना, विणकाम असे नाना उद्योग स्त्रियांच्या हाती दिले. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, रमाबाई रानड्यांचे पुण्याचे सेवासदन १९०९ चे. आमच्या बडोद्यात १९१४ साली महाराणी चिमणाबाईंच्या नावाने स्त्री उद्योगालय निघाले. या सर्वांचा भर बाईला काही तरी शिकविण्यावर होता, आणि त्या काळी तेच प्रथम हवे होते. परंतु शिकलेले काम विकावयाचे कोठे, आणि माल विकून पैसे येईपर्यंत घर कशावर चालवावयाचे, हे दोन प्रश्न शिक्षणाने सुटत नाहीत. वर्गातून बाहेर पडलेल्या बाईची खरी परीक्षा तेथे सुरू होते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. स्त्रिया उद्योगात येऊ लागल्या म्हणजे त्यांना मालक व्हावयाचे आहे, असा अर्थ लावला जातो. आकडे निराळे सांगतात. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार कामकरी स्त्रियांत ‘स्वयंरोजगार’ या सदरात मोडणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ५१.९ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ६७.४ टक्क्यांवर गेले. त्याच अवधीत नियमित पगारी नोकरीतील स्त्रियांचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या जवळ उतरले. शिवाय या स्वयंरोजगारवाल्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. तेव्हा ‘स्वयंरोजगार’ हा भारदस्त शब्द ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही. बऱ्याच जणींनी नोकरी सोडून उद्योग पत्करलेला नाही. नोकरी मिळाली नाही, किंवा मिळाली ती सकाळी आठ ते संध्याकाळी सात अशी होती आणि घरी पाळण्यात मूल होते, म्हणून उरला तो मार्ग त्यांनी धरला. चाळिशीनंतर प्रथमच कामाला बाहेर पडणाऱ्या बाईला वयाचा दाखला, शिक्षणाचा दाखला आणि अनुभवाचा दाखला न मागता ठेवून घेणारा धनी एकच, तो म्हणजे तिची स्वतःची चूल.

गरजेतून उभ्या राहिलेल्या उद्योगाची रचना कशी असते हे पाहण्यासाठी मुंबईच्या गिरणगावातील खानावळीइतके चांगले उदाहरण नाही. कोकणातून, देशावरून पुरुष गिरणीत कामास येत. बायकामुले गावी राहत. त्यांना जेवू घालणाऱ्या बाया होत्या. कोणाचा नवरा गिरणीत आजारी पडलेला, कोणाचा गेलेला, कोणाचा असून नसल्यासारखा. एका खोलीत दहा-वीस ‘मेंबर’ जेवून जात. पाळीप्रमाणे जेवणे, म्हणून चूल पहाटेपासून रात्रीपर्यंत. या उद्योगातील मेख अशी की, खर्च रोज आणि उत्पन्न महिन्याने. कामगाराचा पगार झाला म्हणजे तो खानावळीचे पैसे देणार. तोपर्यंत तांदूळ, डाळ, तेल, मसाला वाण्याकडून उधारीवर. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. वाण्याने हात आखडला तर सावकार, आणि सावकाराकडे मंगळसूत्र.

हा हिशेब आजच्या आकड्यांत मांडून पाहू. समजा एका बाईकडे वीस मेंबर आहेत आणि प्रत्येकी महिना ३,००० रुपये ठरले आहेत. महिन्याअखेर ६०,००० रुपये येणार. शिधा रोखीने आणला तर ४२,००० लागतो असे धरू, आणि गॅस, वीज, मदतनीस, भांडी यांस १०,००० रुपये. बाईच्या हाती ८,००० उरावेत. परंतु तिच्यापाशी रोख नाही. वाणी उधारीस शेकडा पाच अधिक लावतो, म्हणजे शिधा ४४,१०० रुपयांचा झाला. उरले ५,९००. तिच्या मिळकतीचा चौथा हिस्सा वाण्याच्या गल्ल्यात गेला, आणि तोही कोणाची लबाडी नसताना. दोन मेंबर पैसे न देता गावी निघून गेले तर उरलेल्यातलेच ६,००० बुडाले, म्हणजे महिनाभर राबून पदरचे शंभर रुपये घालावे लागले. आता या बाईला कोणी शंभर थाळ्या भेट दिल्या तर तिचे काय भले होणार? तिला थाळ्या नकोत, महिनाभर हाती खेळणारे चाळीस हजार हवे आहेत. स्वयंपाक तिला येतो, हिशेबही तोंडपाठ असतो. अडते ते खेळत्या भांडवलापाशी.

१९७४ च्या गिरणी संपात कामगारांचे पगार थांबले, पण या बायांनी चुली थांबविल्या नाहीत. उधारीवर आणून उधारीवर वाढले. संपाच्या इतिहासात त्यांची गणना कामगारांत झाली नाही. ही गोष्ट ज्यांना लागली त्या प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते, तेव्हा लहान माणसाला कर्ज देणे हे त्या बँकांचे कर्तव्यच होते. पण तारण कोठून आणावयाचे? खानावळवाल्या बायांचे गट करून त्यांनी एकमेकींची हमी घ्यावयाची, असा मार्ग निघाला. बँकेचे व्याज आणि सावकाराचे व्याज यांतील फरक हीच त्या बायांची मिळकतीतील वाढ. त्यांनी नवे काही शिकून घेतले नाही, नवा पदार्थ काढला नाही. तेच जेवण, तेच मेंबर, फक्त पैसा स्वस्त झाला. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला आणि त्यानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या, तेव्हा मात्र पुष्कळ खानावळींचा आधार तुटला. उद्योग कितीही नेटका असला तरी गिऱ्हाईकच उठून गेले तर इलाज नसतो. मंडळाने इतर कामे हाती घेऊन आपले पाऊल टिकविले. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्या निवर्तल्या.

खेळत्या भांडवलाची हीच अडचण अहमदाबादच्या भाजीवाल्या, जुने कपडे विकणाऱ्या बायांची होती. सकाळी पन्नास घ्यावयाचे आणि संध्याकाळी पंचावन्न फेडावयाचे, असा बाजारातील रिवाज. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही त्यांची संघटना बांधली आणि १९७४ मध्ये चार हजार बायांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. निरक्षर बाईची ओळख सहीऐवजी छायाचित्राने पटवावयाची, ही साधी युक्ती तेथे अमलात आली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभारली. प्रवर्तक बाया अंगठेबहाद्दर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला होता. त्या बँकेच्या मुळाशी असलेली इच्छाही मोठी नव्हती: रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी ताडपत्री घेण्यासाठी थोडे थोडे पैसे साठवावयाचे होते आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडीत नव्हती.

पावसाळ्याचा उल्लेख आला तो सहज नव्हे. गरजेतून निघालेल्या उद्योगाचा पाऊस हा मोठा शत्रू आहे, आणि याचे उत्तम उदाहरण लिज्जत पापडाचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती भगिनींनी पापड लाटावयास प्रारंभ केला. भांडवल ८० रुपये, तेही उसने, छगनलाल पारेख या सेवाभावी गृहस्थांकडून घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. घरातील कामे उरकल्यावर हातात उरणारा दुपारचा वेळ आणि पापड लाटण्याचे अंगवळणी पडलेले कसब, एवढीच त्यांची पुंजी. पहिल्याच वर्षी पावसाचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाटेखाली. चार महिन्यांची बेकारी एका खाटेने आणि स्टोव्हने मिटली. पैसा कोठे घातला असता उपयोगी पडतो, हे समजण्यास याहून चांगला पाठ मिळणार नाही.

‘लिज्जत’ची कथा पुष्कळदा सांगितली जाते, परंतु बहुधा तिच्या आकाराचे कौतुक करण्यासाठी: पहिल्या वर्षाची विक्री सहा हजार रुपयांच्या थोडी वर आणि आज चाळीस हजारांहून अधिक भगिनी, शेकडो कोटींची उलाढाल. प्रस्तुत लेखकास तिची व्यवस्था अधिक महत्त्वाची वाटते. उडीद, मिरी, हिंग यांची खरेदी घाऊक आणि एकत्र. पीठ भिजविणे केंद्रावर, म्हणजे चव एकच. भगिनीने सकाळी पीठ घेऊन जावयाचे, घरी सवडीने लाटावयाचे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यावयाचे आणि वजनाप्रमाणे मजुरी घ्यावयाची. विक्रीची चिंता तिच्या डोक्यावर नाही. तिचे भांडवल म्हणजे पोळपाट आणि लाटणे. आणि संस्थेच्या नफ्यातोट्यात तिचा वाटा. खानावळवालीला जी तीन संकटे छळीत होती, उधारीची महागाई, बुडित गिऱ्हाईक आणि एकटीच्या अंगावर येणारा तोटा, ती तिन्ही या व्यवस्थेने बाईच्या खांद्यावरून काढून घेतली. घर सोडता न येणाऱ्या बाईचे घर न सोडता चालेल, पण उद्योग मात्र घराएवढा राहणार नाही, अशी ही मांडणी आहे. धर्मादाय न्यासाच्या स्मरणिकेत आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही, असा या भगिनींनी आरंभीच निश्चय केला होता. ८० रुपये त्यांनी घेतले ते कर्ज म्हणून. स्थापनकर्त्यांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

सर्वांना असे एकत्र येता येत नाही. २०१३-१४ मध्ये झालेल्या सहाव्या आर्थिक गणनेत स्त्रियांच्या मालकीच्या सुमारे ८० लाख ५० हजार आस्थापनांची नोंद झाली, म्हणजे एकूण आस्थापनांच्या १३.७६ टक्के. त्यांतील सुमारे ८३ टक्के ठिकाणी एकही पगारी माणूस नव्हता आणि जवळजवळ ७९ टक्क्यांचे भांडवल पदरचे होते. एकटी बाई, पदरचे पैसे. यावर उपाय म्हणून गेल्या काही दशकांत लहान कर्जांचा मोठा बोलबाला झाला. बचत गट आले, मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या, एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान मुद्रा योजना आली. त्यातील ‘शिशु’ वर्गात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि योजनेच्या खातेदारांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. कर्जाची ददात पूर्वीइतकी राहिली नाही, हे मान्य केले पाहिजे. मग उद्योग का वाढले नाहीत?

याविषयी अलीकडे काळजीपूर्वक संशोधन झाले आहे आणि ते विश्वस्तांनी जरूर ध्यानात घ्यावे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान कर्जे मिळू लागल्याने घरांचे दारिद्र्य हटले, असे त्यात आढळले नाही. ज्यांचा उद्योग आधीपासून चालू होता त्यांना मात्र कर्जाचा काही उपयोग झाला. दुसरा अभ्यास कलकत्त्याचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. लहान कर्जाचा पहिला हप्ता सामान्यतः दोन आठवड्यांत सुरू होतो. काही स्त्रियांना तो दोन महिन्यांनी सुरू होईल अशी सवलत देण्यात आली. त्यांनी उद्योगात अधिक पैसा घातला आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा इतरांपेक्षा अधिक होता. त्यांच्यात थकबाकीही अधिक राहिली, हेही सांगितले पाहिजे. कारण उघड आहे. पंधरवड्यात हप्ता भरावयाचा तर बाई पंधरवड्यात विकले जाईल असेच काही घेणार; शिलाईचे चांगले यंत्र किंवा दुभती म्हैस घेण्याचे धाडस करणार नाही.

तिसरा मुद्दा नाजूक आहे, पण टाळता येत नाही. स्त्रियांना भांडवल दिले तर त्यांच्या उद्योगाचा नफा वाढत नाही, असे काही अभ्यासांत दिसले आणि त्यावरून स्त्रियांना व्यापार जमत नाही असा निष्कर्ष काढण्यास लोक मोकळे झाले. २०१९ मध्ये भारत, श्रीलंका व घाना येथील माहिती पुन्हा तपासली गेली, तेव्हा निराळेच आढळले. ज्या घरात नवऱ्याचाही उद्योग होता तेथे बायकोच्या नावाचा पैसा त्याच्या उद्योगात जात होता. ज्या घरात ती एकटीच उद्योग करणारी होती तेथे तिचा नफा पुरुषांइतकाच वाढला होता. कर्ज तिचे, सही तिची, हप्ता तिचा आणि रिक्षा त्याची, असा हा मामला. घर एकच आहे, पैसा घरातच राहिला, असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्यही आहे. परंतु मग तिचा उद्योग वाढला नाही म्हणून तिला दोष देऊ नये.

आता न्यासाच्या कामाकडे वळू. शिवणयंत्राची एवढी आवड आपल्या संस्थांना का आहे? ते दिसते, त्यास हार घालता येतो, आणि दात्याचे नाव त्यावर रंगविता येते. पूर्वी त्यास अर्थही होता. आज तयार कपडे स्वस्त झाले आहेत, आणि एका आळीत दहा यंत्रे वाटली की दहाही जणी एकमेकींचे दर पाडतात. ज्या बाईला खरोखर शिवणाची गिऱ्हाइके आहेत तिला द्यावेच. इतरांना विचारावे की, तुमच्याकडे पैसे कोणत्या दिवशी येतात आणि कोणत्या दिवशी जातात? या एका प्रश्नाच्या उत्तरातून निम्मा उद्योग कळतो. पैसे आधी जाऊन मागून येत असतील तर यंत्रापेक्षा फिरता निधी हवा. अंगावर सावकाराचे कर्ज असेल तर नव्या मदतीतून प्रथम ते फेडण्यास मुभा द्यावी. नाही तर ती तसे करणारच, फक्त आपल्याला सांगणार नाही. घरात आणखी कोणाचा व्यवसाय आहे हेही विचारावे, उलटतपासणीच्या सुरात नव्हे, घरच्या वडीलधाऱ्याप्रमाणे. परतफेड लावावयाची असेल तर पहिले दोन महिने सोडावेत.

काही अर्जदार भगिनींना उद्योग नकोच असतो. त्यांना महिन्याचा पगार आणि संध्याकाळी घरी परतण्याची वेळ ठरलेली हवी असते, आणि नोकरी मिळत नाही म्हणून त्या उद्योगाचा अर्ज लिहितात. अशा बाईच्या गळ्यात उद्योग बांधू नये. आपल्याच समाजातील दुकानदार, दवाखाने, शाळा यांच्याकडे शब्द टाकणे हे दहा हजारांच्या मदतीपेक्षा मोलाचे ठरू शकते. आणि ज्या खरोखर उद्योग करू इच्छितात त्यांच्याकडून माल घेणारे पहिले गिऱ्हाईक आपणच असावयास काय हरकत आहे? मंगल कार्यालय असलेल्या संस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत. तेथील मुंजी, साखरपुडे, वर्षश्राद्धे यांचा फराळ व जेवण कोणाकडून येते? दोनशे पानांचे काम एकटी बाई घेऊ शकत नाही, पाचजणी मिळून घेऊ शकतात, आणि अशा एका कामानिमित्त जमलेल्या पाचजणी पुढे एकत्र शिधाही भरू शकतात. कार्यालयाची मोठी भांडी वर्षातील निम्मे दिवस पालथी पडलेली असतात. ती अशा गटाला नाममात्र भाड्याने द्यावीत. कामाचे पैसे मात्र त्याच दिवशी चुकते करावेत. धर्मादाय संस्थेने बाईकडून उधारीने जेवण घ्यावे यासारखा विपर्यास नाही.

शेवटी वेळेविषयी. पापड, सांडगे, कुरडया, वर्षाचे मसाले आणि लोणची यांचा हंगाम फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचा. लाल मिरची, हळद आणि उडीद घेण्याची वेळ होळीच्या आसपास. आपल्याकडील बहुतेक संस्थांची मदतवाटपाची सभा मात्र नवे वार्षिक हिशेब तपासून झाल्यावर, म्हणजे श्रावण-भाद्रपदात भरते. तेव्हा मिरचीचा भाव चढलेला असतो, ऊन गेलेले असते आणि मिळालेले पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांत व सणात खर्च होतात. दोष त्या भगिनीचा नसतो. उद्योगासाठी आलेले अर्ज वेगळे काढून त्यांचा निर्णय माघातच करण्याइतकी सोय घटनेत बदल न करताही होऊ शकेल. कार्यकारिणीच्या एका ठरावाचे काम आहे.